बिजलीचा शौक

हसणार नसाल तर सांगते. हसलात तरी सांगणारच म्हणा. फजिती माझी, तोंडही माझं!

चुलीपुढच्या राखेत अक्षरं गिरवून मी वाचायला शिकले. तेव्हापासून घमेंड अशी, की मला न समजणारा शब्द जगात नाही. आमच्या कामठीच्या घरी तेव्हा कंदील होते. नागपुरात, सीताबर्डीवर, लेकीकडे नवे दिवे आले हे मला कोणी कळवलंही नव्हतं.

एका सकाळी टांगेवाला दारातून ओरडला, "माय, तुमच्या जावयाले बिजलीचा शॉक लागला! लेकीनं तातडीनं बलावलं!"

'शॉक' मी कुठे वाचला होता? मी ऐकलं, शौक! आणि बिजली? ती कोण असणार, गाणारी-नाचणारी! त्याच टांग्यात बसले. टांगेवाला काही सांगू लागला, त्यालाही गप्प केलं.

जावईबापू गादीवर पडलेले. हाताला पट्टी, तोंड उतरलेलं.

"काहून हो, माझ्या लेकीत काय कमी होतं?"

ते पुटपुटले, "आई, मी नुसता हात लावला. मग बिजलीनंच धरून ठेवलं. सोडतो म्हटलं तरी सुटेना."

"म्हणजे घरात आणली तिले?"

"साऱ्या बर्डीनं आणली. आपल्याच घरी काहून नको?"

मग मी असा आवाज लावला, की शेजारीण खिडकीत आली! लेक आतून धावली. "हळू वं माय! मीच सोडवलं यांना. लाकडी पाट हाणला हातावर."

"शाब्बास! त्या बिजलीलेही एक हाणायचा होता!"

"माय, दिव्याची बिजली ती! ओल्या हातानं पितळी होल्डर धरला यांनी."

मी पट्टीकडे बोट केलं. लेकीनं पट्टी जराशी सरकवून दाखवली. तुरीच्या दाण्याएवढा काळा डाग. एवढाच! मूठ माणसाची, पण हुकूम बिजलीचा. हात आखडतो, श्वास कोंडतो, काळीज ठोका विसरतं. पोरीनं पाट न घेता नुसत्या हातानं ओढलं असतं, तर? दोघंही गेली असती, आणि मी इथे शिव्या द्यायला कोणाला शोधलं असतं?

"डॉक्टर काय म्हणाले?" मी हळूच विचारलं.

"म्हणाले, काळजाले दुसरा धक्का बसू देऊ नका. कोणी शांत, मोठं माणूस जवळ ठेवा." लेकीनं सुस्कारा सोडला. "म्हणून तर तुले बलावलं, माय!"