युरेनियमला एकमताने होकार

होटगीहून वडापमध्ये (वाटेत माणसे भरत जाणाऱ्या जीपमध्ये) बसलो तेव्हा खिशात वृत्तपत्राचे कात्रण होते: सीमेलगतच्या एका गावाने युरेनियमच्या शोधासाठी जमीन विंधण्यास ग्रामसभेत एकमताने संमती दिली. माझे आयुष्य न्यायालयाच्या आवारात गेले. दोन सख्ख्या भावांचे एका बांधावर एकमत झालेले मी पाहिलेले नाही. हे गाव पाहणे भाग होते.

जीपमधल्या बेकायदा गर्दीबद्दल मी चालकाला वाटभर सुनावले. उतरताना सदरा दाराच्या कडीत अडकून फाटला.

“केस करायची तर दारावर करा, काका,” तो म्हणाला, “माज्यावर नको!”

विंधनयंत्र गावातल्या गंगव्वांच्या तुरीच्या शेतात, विहिरीला अगदी खेटून धडधडत होते. पांढऱ्या केसांच्या त्या बाईंनी मला बसवून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि तांब्याभर पाणी दिले.

“पी अण्णा. ह्या हिरीवरच समदं हाय आमचं.”

“मग सभेत हात का वर केलात?”

“का म्हंजे? सायेब भोंग्यावर म्हनला, ऊरु निम्मदु. मी तर दोनी हात वर केलं!”

मी भाकरी खाली ठेवली. ‘ऊरु निम्मदु’ म्हणजे कन्नडमध्ये ‘गाव तुमचेच आहे’. खरखरत्या भोंग्यातून साहेबांचे ‘युरेनियम’ इथल्या कानडी कानांपर्यंत असे पोचले होते.

मी समजावले: ते खनिज आहे, त्याचा अणू फुटला की प्रचंड उष्णता निर्माण होते, पाण्याची वाफ होते, ती वाफ जनित्र फिरवते, वीज मिळते.

गंगव्वांनी विहिरीकडे बोट दाखवले. “आन् ते घावलं, तर माजी हीर?”

हा प्रश्न घेऊन आम्ही दोघे यंत्राशेजारच्या तंबूतल्या अधिकाऱ्याकडे गेलो.

“आजोबा, हा फक्त शोध आहे. विजेला विरोध आहे का तुमचा?”

“मुळीच नाही. वीज मलाही हवी. परंतु विषयच न कळता दिलेली संमती ही संमती नव्हे. सभा पुन्हा घ्या, आणि कन्नडमध्ये घ्या.”

“हात वर झाले होते ना? इतिवृत्तात तेवढंच येतं.”

गंगव्वांनी दोन्ही हात उंचावले आणि धाडकन खाली आणले. “हे बग, केलं खाली. लिव आता!”

तो हसला. यंत्र क्षणभरही थांबले नाही.

परतताना सोलापूरचे दिवे दुरूनच दिसू लागले. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. दिव्यांनी कोणाचीही संमती चोरलेली नाही. घरी येऊन, फाटका सदराही न बदलता, जिल्हाधिकाऱ्यांना हरकत लिहिली: या गावाने संमती दिली ती स्वतःच्याच गावाला. पोच मिळाली, उत्तर नाही. सरकारदरबारी गंगव्वांचे हात अजून वरच आहेत.