सुदानात गेलेले सापळे

रात्रभर उत्तरेचा वारा सुटला होता, त्यामुळे कर्कनाच्या बेटावरून सकाळी एकही होडी निघाली नाही. दलेंदा धक्क्यावर बसून ऑक्टोपस दगडावर आपटत होती. आपटल्याशिवाय तो नरम पडत नाही.

मच्छीमार संघाचा सेक्रेटरी नौफल, तिचा चुलतभाऊ, धापा टाकत आला. "दलेंदे, तुझा नकाशा उघडेना! अन् आज पाण्याची वाटणी!"

आमच्या समुद्रालाही शेतासारखे बांध आहेत. प्रत्येक घराचा खजुराच्या झावळ्यांचा सापळा आपापल्या पाण्यात. पूर्वी ज्याचा गळा मोठा तो चांगलं पाणी बळकावायचा. दलेंदानं नकाशाचा प्रोग्राम बांधला तेव्हापासून ते थांबलं.

दलेंदानं ऑक्टोपस घमेल्यात टाकला आणि ती नौफलबरोबर संघाच्या कचेरीत आली; वाटणीसाठी माणसं जमली होती. संघाच्या कॉम्प्युटरनं रात्री आपणहून अपडेट घेतलं होतं. नकाशाला जागा मोजून देणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला आयता कोड, तिची पाचवी आवृत्ती जाऊन सहावी आली होती. प्रोग्राम पाचवीसाठी अडून बसला होता.

"सहावीला पाचवीचं नाव चिकटव की," नौफल म्हणाला. "त्याला काय कळतंय!"

"हात लावशील तर बघ."

ती हात धुवायला गेली अन् त्यानं तेच केलं. नकाशा उघडला. टाळ्या पडल्या. म्हातारे सी हत्ताब (आमच्याकडं थोरांना 'सी' म्हणतात) पडद्याला नाक लावून बघत होते. "अरे लेका, माझा सापळा सुदानात रे? मासे काय उंटावरून आणू?"

नव्या आवृत्तीत अक्षांश-रेखांशांचा क्रमच उलटा केलेला होता.

नौफल वैतागला. "जाऊ दे, तोंडी वाटू." मागचे मोठ्या गळ्याचे लगेच सरसावून बसले.

दलेंदानं लॅपटॉप घेऊन दारातच खुर्ची टाकली. "वाटा बघू! नकाशा होईस्तोवर कुणी पाण्याचं नाव काढायचं नाही."

"जग पुढं गेलं, तू पाचवीतच बसलीस!" नौफल म्हणाला.

"बसलेय. उठव बघू."

तिनं पाचवीचा मूळ कोड नेटवरून उतरवून तो चालेल असा बांधायला घेतला. तो आणखी एका जुन्या लायब्ररीवर अडला, तेव्हा आधी ती बांधली. दोन्ही वेगळ्या फोल्डरात ठेवल्या, नव्यांना धक्का न लावता, आणि प्रोग्रामला बजावलं की ह्याच घ्यायच्या. लोकांची लबलाबीची, म्हणजे हरभऱ्याच्या गरम रश्शाची, वाडगी रिकामी झाली, शिव्याही देऊन झाल्या. ती दारातून हलली नाही.

दुपारी सी हत्ताबांचा सापळा आपल्या पाण्यात परत आला.

"उंट विकून टाका," दलेंदा म्हणाली.

"आणि पुढच्या अपडेटला?" नौफल.

"सहावी घेईन ना. क्रम सुधारून, तपासून, मी म्हणेन तेव्हा."

आत नावं पुकारायला सुरुवात झाली. धक्क्यावर ऑक्टोपस घमेल्यात तसाच कडक पडला होता. तिनं बाह्या वर सारल्या आणि त्याला दगडावर हाणला.