माझ्याच फाइलवर लाल पट्टी

सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका वर्कशॉपमध्ये मी नऊ वर्षं नौदलाच्या जहाजांचे हायड्रॉलिक पंप दुरुस्त केले. त्यातला एक पंप दुरुस्तीनंतरही गळायचा. वर्षभर डोकं फोडून मी त्याच्या दुरुस्तीची नवी पद्धत बसवली, सविस्तर लिहून काढली आणि सगळे तीच वापरू लागले.

मग कायदा बदलला. ऑस्ट्रेलिया आणि तिच्या काही ठरावीक मित्रदेशांनी एकमेकांची लष्करी यंत्रं दुरुस्त करायची आणि त्यासाठी लागणारी तांत्रिक माहिती एकमेकांना विनापरवाना द्यायची, असं ठरलं. म्हणजे आता परदेशी जहाजांचे पंपही आमच्याकडे येणार. कॅन्टीनमध्ये केक कापला. मी दोन तुकडे खाल्ले.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजरने मला आत बोलावलं.

"तुझा पासपोर्ट अजून इंडियन आहे ना?"

"हो. वर्क व्हिसावर आहे मी. पीआरचा, इथे कायम राहण्याचा अर्ज केलाय, उत्तर यायचंय."

"मग प्रॉब्लेम आहे. तुझा देश त्या मित्रदेशांच्या यादीत नाही. ही माहिती तुला इथे दाखवली तरी आता तो गुन्हा ठरेल."

"अरे, पण ती लिहिली कोणी? मीच ना?"

"माहितीये. पर्सनली घेऊ नकोस, मेट."

माझ्यासाठी परवाना मागता आला असता. त्यात फार वेळ जाईल, माणूस बदलणं सोपं, असं कंपनीने ठरवलं होतं. जागेवर येऊन मी फाइल उघडायला गेले, तर स्क्रीनवर लाल पट्टी: 'तुम्हाला परवानगी नाही.' खाली लेखिका म्हणून माझं नाव.

माझ्या जागी आलेला माणूस मित्रदेशातला होता. ऑस्ट्रेलियात येऊन त्याला तीन आठवडे झाले होते. माणूस सरळ होता, त्याच्यावर माझा राग नव्हता. पण मॅनेजर म्हणाला, "याला तू ट्रेन कर. फक्त, तो तुला उलट काही सांगू शकणार नाही."

"म्हणजे मी सगळं ओतायचं आणि त्याने तोंड बंद ठेवायचं?"

"तसंच."

"मग मी नाही शिकवणार!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरची ग्राइंडिंग मशीन थांबली. ऑफिसात आवाज चढवण्याची माझी ती पहिलीच वेळ.

मला स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला बसवलं. दोन दिवसांनी दुपारी भिंतीपलीकडच्या खोलीतून, चाचणीसाठी टेस्ट बेंचवर लावलेल्या पंपाची किंकाळी ऐकू आली. आत हवा अडकली की तो असाच ओरडतो. मी हातातला खोका खाली ठेवला नाही. ओरडू दे, म्हटलं. भोगा तुमच्या कायद्याची फळं! पण त्या पंपावर जहाजाचं सुकाणू चालतं आणि जहाजावर माणसं असतात. मी धावत जाऊन त्या खोलीच्या काचेवर मुठी आपटल्या. "बंद कर! हवा आहे आत!"

आत माझ्या जागी आलेला तोच माणूस होता; त्याने स्विच पाडला. बाहेर येऊन तो "थँक यू" एवढंच म्हणाला. तो आणखी काही बोलणार, तोच मॅनेजरने त्याला गप्प केलं. "तिच्याशी यावर बोलायचं नाही."

स्टोअरमध्ये परत येऊन नट-बोल्टांच्या टेबलावरच मी राजीनामा लिहिला.

आता सिडनीतल्याच पॅरामॅटाच्या एका ऑफिसात मी सांडपाण्याचे पंप बघते. काम चांगलं आहे, माणसंही चांगली आहेत. नवरा म्हणतो, "विसर ना आता."

मला नाही विसरायचं.