मायच्या कनवटीतले चिंचोके

बाळकुमच्या आमच्या गावठाणात लग्न ठरलं की हॉलच्या आधी माझी सासू बुक होते. जोसेफिनमाय. जेवणातले तळलेले फुगे तिनेच करायचे. मैद्यात अंडी, नारळाचं दूध, मीठ आणि यीस्ट घालून टोपभर पीठ फेटायचं, फुगू द्यायचं आणि मुठीतून पिळून एकेक गोळा तेलात सोडायचा. पूर्वी ती ताडी घालायची. आता यीस्ट मी आणते, कारण वागळे इस्टेटला यीस्टच्याच कंपनीत मी लॅबमध्ये आहे. "पुडीने नाय फुगत गो, हाताने फुगतं," असं ती चारचौघांत मला ऐकवायची. माझं डोकं फिरायचं. मीही काही कमी तिखट नाही.

एकदा मी तिला यीस्टची गोष्ट सांगितलेली. जिवंत पेशी असते ती, माय. आईच्या अंगातून लेक फुटते, वेगळी होते, आणि आईच्या अंगावर दर लेकीचा एक वण राहतो. वीस-पंचवीस लेकी झाल्या की आई थकते, मग होत नाहीत. "मेली, माझ्यासारखीच!" म्हणत ती पोट धरून हसलेली. तिची सहा बाळंतपणं.

झेवियर तिचं शेंडेफळ, माझा धाकटा दीर. त्याच्या लग्नाच्या सकाळी मायने पहाटे फेटलेलं पीठ फुगेना. मांडवात ऊन आलं तरी स्वयंपाकघरातल्या टोपात ते चिखलासारखं पडलेलं. बायका कुजबुजायला लागल्या, दृष्ट लागली म्हणून. मायने टोपावर क्रूस काढला. मी मनात कंपनीला शिव्या घातल्या, नेमकी आजच खराब पुडी द्यायची होती का तुम्हाला? मग बोट बुडवून चाटलं.

जेजू! नुसतं मीठ. जीभ आत ओढली गेली.

मायची आई अशीच विसरत गेलेली, आधी मीठ, मग चूल, मग माणसं. शेवटी एकदा मिठागरावर कामाला जाते म्हणून घरातून निघाली, आणि नायजेलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ती खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतलेली सापडली. मिठागरं बुजून वर्षं झालेली. तो अजून कधी कधी झोपेत दचकतो. मला आता तीच म्हातारी डोळ्यासमोर दिसायला लागली, फक्त तोंड जोसेफिनमायचं.

माय माझ्याकडेच बघत होती. "जा गो पोरींनो, कांदे सोला," म्हणून तिने बायकांना बाहेर काढलं आणि दार लोटलं.

"मीठ ना?"

"नाही माय, यीस्टच जुनं निघालं. माझी चूक."

"खोटं नको बोलूस. तुला जमत नाय."

तिने लुगड्याची कनवटी सोडली. तळहातावर तीन चिंचोके ठेवले.

"मीठ टाकलं की एक चिंचोका कनवटीला लावायचा. ईस्टरपासून हेच करते मी. कनवटीत चिंचोका असला की मीठ पडलेलं." "आज कनवटी बघायचंच विसरले, हॅना."

ईस्टरपासून! इतके महिने ही बाई एकटीच घाबरत होती, आणि मी तिच्याशी पुडीवरून भांडत होते. मला रडूच फुटलं. "रडतेस काय? पीठ बघ," ती ओरडली. त्या ओरडण्याने जरा धीर आला.

मी पीठ दोन टोपांत वाटलं, बिनमिठाचा मैदा आणि कोमट नारळाचं दूध ओतून पुन्हा फेटलं आणि टोपांवर गोधडी घातली. आम्ही दोघी शेजारी बसून राहिलो. मी बोलत राहिले, गप्प बसायची भीती वाटत होती म्हणून. मिठाने पेशीतलं पाणी ओढलं जातं, माय. ती काम थांबवते, जीव मुठीत धरून बसते. आतल्या आत ग्लिसरीन बनवून पाणी धरते, आणि सावरली की पुन्हा कामाला लागते.

"सगळ्या सावरतात?"

"तरण्या सावरतात."

"आणि म्हातारी?"

मी गोधडीची कड नीट केली. "तीही," मी म्हटलं.

मला खोटं जमत नाही हे तिला माहीत होतं. तिने ते तीन चिंचोके माझ्या ड्रेसच्या खिशात टाकले. "आता तू ठेव. मी मीठ घेतलं की तू बघ."

दुपार कलताना गोधडी वर उचलली गेली. पीठ आलेलं, बुडबुड्यांनी भरलेलं. देवा, इतकं हलकं वाटलं! मायने मूठ भरली, अंगठ्याशी गोल फुगा पिळला, तेलात सोडला, तो टम्म होऊन पलटला. हात काहीच विसरला नव्हता. बाहेर बँडवाले आले. बायका गाऊ लागल्या. मी मनात म्हटलं, उगाच घाबरलीस हॅना. जरा मीठच पडलं होतं ना?

तेवढ्यात माय माझ्या कानाशी वाकली. दाराकडे बघून, कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून, तिने अगदी हळू विचारलं,

"हॅना, लगीन कोणाचं गो?"

मी खिशात हात घातला आणि चिंचोके घट्ट धरले. "झेवियरचं, माय," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि पुढची मूठ भरली.