अठ्ठेचाळीस अर्ध्या रजा

ज्याने तराजू घडवला त्यानेच तो धरणारा हातही घडवला, आणि त्या हाताला थोडा कंप दिला. हा कंप ज्याला ठाऊक असतो तो नम्र राहतो. ज्याला त्याचा विसर पडतो त्याच्या हातून, मन निर्मळ असूनही, घाव पडतो. अशाच एका निर्मळ मनाच्या बाईची ही कथा आहे. ऐकताना तिच्यावर रागावू नका, कारण तिने स्वतःवर जेवढा राग धरला आहे तेवढा पुरे आहे.

ती एका छापखान्यात बांधणी विभागाची प्रमुख. तिची पाळी सकाळी सहा ते दुपारी दोन. छापील ताव दुमडणे, शिवणे, पुठ्ठा चढवणे हे तिच्या हाताखालच्या बायकांचे काम. आणि शिवून झालेल्या पुस्तकांच्या कडा कापणे हे दुपारच्या पाळीतल्या दोन कटरांचे. त्यांतला एक तिचा सख्खा थोरला भाऊ, तिचा दादा. दुसरा उंच, वाकून चालणारा. त्याला सगळे लांब्या म्हणत.

बहीणभावांची लग्ने राहूनच गेली. घरी आई पक्षाघाताने तीन वर्षे अंथरुणाला खिळलेली. सकाळी दादा आईजवळ, दुपारी अडीचला तो पाळीवर निघाला की ही आईजवळ. आईची कूस बदलायची, तोंडात चमच्याने पाणी घालायचे, आणि अर्ध्या ओठांनी ती जे बोले ते समजून घ्यायचे. त्या घरात देवाची पूजा वेगळी करावी लागत नव्हती.

एके दिवशी मालकांनी तिला बोलावले. व्यवसायातील निर्णयपद्धतींचा सहा महिन्यांचा वर्ग होता, आठवड्यातून दोन दिवस, चार ते सहा. "तू जा. तुझं डोकं चालतं," मालक म्हणाले. तिने घरी येऊन सांगितले आणि लगेच म्हणाली, "पण आईजवळ कोण?"

दादा हसला. "मी अर्धी रजा टाकत जाईन. साडेसहाला पाळीवर जाईन. तू शिक ग, ठमे. आपल्या घरात एक तरी शहाणं माणूस होऊ दे."

"आणि मालक ओरडले तर?"

"माझ्यावर ओरडून ओरडून त्यांचा घसा बसलाय. आता फक्त डोळे वटारतात."

ती शिकली. तहानलेल्याने ओंजळ धरावी तशी शिकली. एका प्रश्नाच्या फांद्या कशा काढायच्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला काय लाभ, काय हानी, आणि ते घडण्याची शक्यता किती, हे ती वहीच्या पानापानांवर रेखाटू लागली. दोरा कोणाकडून घ्यावा, गोंद कोणता वापरावा, याचे तक्ते विभागाच्या भिंतीवर लागले. बायका थट्टा करत, "बाई, आज डब्यातली भाजी आधी खावी की पोळी, तेवढा तक्ता काढून द्या." तीही हसे. वर्गातल्या सरांचे एक वाक्य तिने मनावर कोरून घेतले होते : कसोट्यांची वजने आधी ठरवा, गुण नंतर द्या, उलट केलेत तर तो निर्णय नव्हे, मनातल्या आवडीला चढवलेली झूल.

वर्ग संपला आणि महिन्याभरात छापखान्यात नवी कटिंग मशीन आली. तिला एकच माणूस पुरणार होता.

मालक म्हणाले, "दोघांतला कोण ठेवायचा, ते तू ठरव. तक्ता कर. म्हणजे कोणी माझ्याकडे बोट दाखवणार नाही."

"माझा भाऊ आहे त्यात, साहेब."

"म्हणूनच. तक्त्याला कुठे भाऊ असतो?"

तिने चार कसोट्या मांडल्या. कापण्याची अचूकता, वजन चार. हजेरी, वजन तीन. वेग, दोन. कामाची वर्षे, एक. दोन्ही कटरांना दाखवून, दोघांच्या सह्या घेऊन कागद नोटीस बोर्डावर लावला. लांब्याने कागद दोनदा वाचून सही केली. त्याच्या घरी दोन लहान मुली होत्या. दादाने सही करताना डोळा मिचकावला, "मास्तरीणबाई, नापास केलंत तर अंगठे धरून उभं करणार का?"

मग तिने हजेरीपट उघडला. दादाच्या नावापुढे ओळीने खुणा होत्या. मंगळवार, गुरुवार. मंगळवार, गुरुवार. अठ्ठेचाळीस अर्ध्या रजा. हजेरीपटात कारणाचा रकाना नव्हता. हजेरीचे दादाला दहापैकी दोन गुण पडले, लांब्याला आठ. बेरीज झाली : दादा त्रेसष्ट, लांब्या एकाहत्तर.

पेन तिच्या हातात तसेच राहिले. त्या अठ्ठेचाळीस दुपारी दादा कुठे होता, हे या जगात तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्या दुपारी त्याने तिला दिल्या होत्या, आणि त्या दुपारींत ती जे शिकली त्यानेच आता त्याचे नाव खोडले जात होते.

ती सरांकडे गेली. सरांनी तक्ता पाहिला, चष्मा काढला. "आकडा खोटा नाही, पण अपुरा आहे. वजनाला हात लावू नका. तक्त्याखाली रजांचं कारण लिहा, लांब्यालाही त्याची कारणं विचारा, दोघांच्या समोर पुन्हा गुण द्या. उघडपणे केलंत तर त्यात पक्षपात नाही."

"लोक म्हणतील, बहिणीने भावाला वाचवलं."

"म्हणतील. तुम्हाला निर्णय बरोबर हवा आहे, की बरोबर दिसायला हवा आहे?"

वाचकहो, लोभ, क्रोध हे उघडे चोर. त्यांना ओळखता येते. पण आपण निःपक्ष आहोत या विचाराची जी गोडी आहे, ती चोर असून पहारेकऱ्याचा वेष घालते. ती बाई घरी आली, आईला जेवू घातले, दादाशी इकडचे तिकडचे बोलली, आणि मनाशी म्हणाली, 'दादा मानी आहे. आईची सेवा केली म्हणून गुण मागणं त्याला कधीच रुचणार नाही.' आणि तिने त्याला विचारलेच नाही. सकाळी तक्ता जसा होता तसा मालकांच्या टेबलावर ठेवला.

विभागात तिची वाहवा झाली. "बाईंनी सख्ख्या भावालाही सोडलं नाही!" लांब्या तिच्या पाया पडायला आला, तेव्हा मात्र ती मागे सरकली.

दादाचे काम सुटले. गावात दुसरा छापखाना नव्हता. महिनाभर शोधून त्याला पाच तासांवरच्या एका शहरात काम मिळाले. जाताना त्याने आईच्या कानाशी बराच वेळ काही सांगितले. आई त्या दिवसापासून सकाळ झाली की दाराकडे बघे आणि "दा... दा..." असे दोनच तुकडे उच्चारी.

आता सहा ते दोन आईजवळ कोणी नसे. शेजारच्या मावशी आठला आणि अकराला डोकावून जात. चौथ्या महिन्यात एका सकाळी मावशी अकराला आल्या, तेव्हा पेला जमिनीवर पडला होता, पाणी खाटेखाली पसरले होते, आणि आईचा चालता हात खाटेबाहेर लोंबत होता. अंग अजून कोमट होते.

दादा आला. सगळे आटोपल्यावर दोघे रिकाम्या खाटेसमोर बसले.

ती म्हणाली, "मला ठाऊक होतं रे, रजा कशासाठी होत्या ते."

"मलाही ठाऊक होतं, तुला ठाऊक आहे ते."

"कारण लिहायला तू नाही म्हणाला असतास."

दादाने मान वर केली. "तू मला विचारलंस का, ठमे? विचारलं असतंस तर म्हणालो असतो, लिही. आईपाशी बसलो होतो, काही चोरी केली नव्हती. माझा मान तुझ्या तक्त्याने गेला नाही. तू माझ्या वतीने ठरवलंस, तिथे गेला."

"माझं चुकलं, दादा."

"चुकलं ते तुझं. गेली ती दोघांची," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने परत गेला.

ती अजून त्याच छापखान्यात आहे. मालक तक्ते मागतात, ती करते, पण आकडा लिहिण्याआधी ज्याचा आकडा त्याच्यासमोर जाऊन बसते आणि विचारते, "यामागे काही आहे का?" कामाला दुप्पट वेळ लागतो. मालक कुरकुरतात. लांब्याच्या मुली शाळेत जातात. त्या दिसल्या की ती थांबते, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवते. त्यांचे काय चुकले?

महिन्यातून एकदा ती दादाला फोन करते. पाते कोणते वापरता, तिकडे पाऊस झाला का, जेवलास का. तो उत्तरे देतो, एखादा विनोदही करतो. मग दोघांचेही शब्द संपतात. ती फोन कानाला धरून बसून राहते. तिकडून त्याचा श्वास ऐकू येत असतो, आणि थोड्या वेळाने तोच फोन ठेवतो.