मामंजी वादी ओढायला बसले

लग्न होऊन मी इंदापुरात कातारी घरात आले, आणि त्याच दिवाळीनंतर माझे मालक सोलापूरला गिरणीच्या वर्कशॉपात कामाला गेले. सासूबाई आधीच वारल्या होत्या. घरात उरलो मी आणि मामंजी. ते पोळपाट, लाटणी, वाडगे कातायचे. लाकूड फिरवायच्या त्यांच्या चरकाला दोन माणसं लागत. एकानं फिरत्या लाटेला, म्हणजे आडव्या दांड्याला, गुंडाळलेली चामड्याची वादी पुढं-मागं ओढायची, दुसऱ्यानं पटाशी धरायची. वादी मालक ओढत, ती आता माझ्याकडं आली.

ओढता ओढता मन सोलापूरला जाई. महिन्या-दोन महिन्यांनी कार्ड यायचं. ते मास्तरांकडून वाचून घ्यावं लागे, म्हणून त्यात माझ्यासाठी काही नसायचं. मग मी मामंजींच्या हातांकडं बघत बसे. वाडगा कसा उघडत जातो ते बघताना तेवढा वेळ बरं वाटे.

एकदा ते शेळगावला लाकूड बघायला गेले. मी बाभळीचा ठोकळा घेतला, लाख तापवून त्याचं बूड लाटेला चिकटवलं आणि शेजारणीला वादी ओढायला बसवलं. हत्यार घेतलं ते सगळ्यात टोकदार. मामंजींची नाजूक नक्षी त्यानंच व्हायची. टोक लाकडात रुतलं, ठोकळा सुटला आणि माझ्या मनगटावर बसून भिंतीवर आदळला.

संध्याकाळी सुजलेला हात मी पदराखाली धरून वाढलं. मामंजींनी पदराकडं एकदा बघितलं आणि जेवून उठले. दोन दिवसांनी सूज उतरली, तेव्हा ते स्वतः वादीच्या जागी जाऊन बसले.

"पटाशी घे," म्हणाले. "आन् पदर खोच. हितं लाज उपयोगाची न्हाय, बोटं ऱ्हायली पायजेत."

सासऱ्यासमोर डोईवरचा पदर काढून कमरेला खोचताना मी घामानं भिजले. पण ते ठोकळ्याकडंच बघत होते. त्यांनी तो वाजवून दाखवला. बद्द आवाज आला तर आत चीर असते, तो घ्यायचा नाही. लाख पुरती थंड होऊ द्यायची. वादी ओढण्याआधी ठोकळा हातानं एक फेरा फिरवायचा, कुठं अडतोय का बघायला. पोखरायला गोल पटाशीच, आणि तीही टेकूच्या लाकडाला चिकटून.

तिसऱ्या दिवशी वाडगा झाला. त्यांनी आत बोट फिरवलं, म्हणाले, "व्हय, जमतंय." पुढं दीड वर्ष आम्ही आळीपाळीनं बसलो. गावात लोक हसत. सोलापूरची आठवण दिवसा येईनाशी झाली, हे माझं मलाच उशिरा कळलं.

मग मालकांना इकडच्याच नव्या साखर कारखान्यात काम आणि राहायला खोली मिळाली आणि ते मला न्यायला आले. ज्यांची इतकी वाट पाहिली, त्यांच्यामागून गाडीत बसताना मी मागं चरकाकडं बघत होते. कारखान्याच्या वर्कशॉपात लोखंड कातायचा चरक होता, इंजिनावर चालणारा. एकदा जेवताना मी विचारलं, की लोखंड त्यात पकडतात कसं?

"तुला काय करायचंय?" ते हसून म्हणाले आणि भाकरी मागितली.

मामंजींना वादी ओढायला कुणी मिळालं नाही. आम्ही गेल्यावर वर्षभरात त्यांनी काम सोडलं.

पुढं एकदा बारामतीच्या बाजारात एका कातारणीला वादी ओढताना पाहिलं आणि मी थांबले. तिच्या नवऱ्यानं पटाशीचा हात थांबवून विचारलं, "काय पायजे, बाई?"

पाहिजे होतं ते मागता येईना. एक लाटणं घेतलं आणि निघाले.