पझेशनची जलेबी

आमच्या बुऱ्हाणपुरात पझेशन हा आनंदाचा शब्द आहे. नव्या कॉलनीत कुणाचं घर पुरं झालं, बिल्डरनं चावी हातात दिली, की 'पझेशन मिळालं' म्हणून मावा जलेबी वाटतात. शब्द इंग्रजी आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. त्यामुळे इंग्लंडहून बडे पापांचा, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाचा, फोन आला आणि ते पडलेल्या आवाजात म्हणाले, "भाऊ, आमच्या घराचं रिपझेशन होऊन राहिलं," तेव्हा बाबा खुर्चीतून उठलेच.

"अरे वा! परत? अभिनंदन, दादा!"

मग बडे पापा "हां... ठेवतो" म्हणाले आणि फोन बंद झाला.

स्पीकर चालू होता. मी समोर मटार सोलत बसले होते. माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमात झालेली, वर दोन वर्षं शिकायला तिकडेच त्यांच्याकडे राहून आलेली. त्या शब्दाचा अर्थ घरात फक्त मला कळला. कर्जाचे हप्ते थकले होते आणि बँक घर काढून घेत होती. बाबा चपला शोधू लागले. मी एक वाक्य बोलले असते तर ते दारातच थांबले असते.

"किती आणू जलेबी?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या गल्लीला पुरेल एवढी आणा," मी म्हटलं.

आई पुढच्या खोलीत होती. तिथे तिचं पार्लर आहे: एक आरसा, एक उंच खुर्ची, आणि आमच्या सिंधीपुरा मोहल्ल्यातल्या निम्म्या बायकांच्या भुवया. दातांत दोरा धरलेला असला की तिला बोलता येत नाही, पण ऐकते सगळं. गिऱ्हाईक गेल्यावर ती आत आली.

"घर तर त्यांना कधीचंच मिळालेलं. आता परत कसलं पझेशन?"

"तिकडे असतं तसं," बाबा म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांची टरफलं गोळा केली.

ते घर मी चांगलं ओळखत होते. विटांचं, पुढे पांढरं दार, मागे हिरवळीचा तुकडा. पहिल्याच दिवशी बडी मम्मीनं, म्हणजे बडे पापांच्या बायकोनं, मला सांगितलं, "इथं इंटिग्रेट व्हायला शिकायचं." आमच्या शाळेत इंटिग्रेशन म्हणजे बारावीचं गणित होतं. इथं त्याचा अर्थ डोक्याला तेल लावायचं नाही, शेवभाजीला फोडणी द्यायची नाही, फोनवर आईशी मोठ्यानं बोलायचं नाही, असा होता. माझं इंग्रजी ती पाहुण्यांसमोर सुधारायची. मी गप्प राहायची, तशी मी लहानपणापासून गप्पच. लोकांना वाटतं की गप्प माणसाला काही लागत नाही.

त्या घराची चावी मला कधीच मिळाली नाही. "हरवशील," बडी मम्मी म्हणाली. कॉलेज लवकर सुटायचं, ती दोघं त्यांचं तिकडचं दुकान बंद करून उशिरा यायची. मी पांढऱ्या दारासमोरच्या पायरीवर बसून राहायची, हात बाह्यांत ओढून. एकदा शेजारच्या बाईनं तिला विचारलं, ही मुलगी कोण? बडी मम्मी हसली आणि म्हणाली, "गावाकडची आहे, मदतीला आणलीय." मी तेव्हा तिच्या मागे पिशव्या धरून उभी होते. मुलगी नाही, पुतणी नाही. मदतीला. भांडी मी घासत होतेच, म्हणून तिला ते खोटंही वाटलं नसणार.

म्हणून जलेबी वाटली गेली तेव्हा मीच ताट घेऊन फिरले. समोरच्या काकूंनी दोन उचलल्या. "नशीब लागतं बाई," त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात दोघं बुऱ्हाणपुरात आली. सांगायला लांबलचक सुट्टी होती. बॅगा उघडल्या तेव्हा मी शेजारीच होते. आतून भिंतीवरचं घड्याळ निघालं, स्वयंपाकघरातला वजनकाटा निघाला, बैठकीच्या खोलीतले मोरपंखी पडदे निघाले. सुट्टीवर येणारं माणूस पडदे आणत नाही. बडी मम्मीच्या पर्सला नेहमी लटकणारा किल्ल्यांचा जुडगा मात्र कुठे दिसला नाही.

आणि गल्ली भेटायला येऊ लागली.

"अभिनंदन हो वहिनी! आम्ही गोड खाऊन बसलो, तुम्ही आता आल्या!"

"कशाचं?"

"घ्या! पझेशनचं ना! कितवं घर हे? आम्हाला एक झेपेना, यांचं दुसरं झालं."

बडी मम्मीचा चेहरा मी चहाच्या ट्रेच्या आडून पाहिला. ती हसली, कारण दुसरं काय करणार? मग तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली. घरात इंग्रजी कळणारं एकच माणूस आहे, हे तिला त्या क्षणी आठवलं. मी तिच्यापुढे साखर धरली. दर संध्याकाळी कुणी ना कुणी अभिनंदन करायचं आणि दर संध्याकाळी मी ट्रे घेऊन हजर असायची. एकही अभिनंदन मी चुकवलं नाही.

पण माझ्या त्या चैनीची किंमत मी लावली नव्हती. सिंधीपुऱ्यातलं आमचं घर दोघा भावांच्या नावावर आहे. बडे पापांनी एके दिवशी बाबांपुढे विषय काढला: हे विकून टाकू, सगळे मिळून तिकडे पैसा घालू, पोरीचंही भलं होईल. बाबा भोळे. ज्या दादाला दोनदा पझेशन मिळतं त्याला व्यवहार कळत असणारच, असं त्यांचं गणित. ते सही करायला तयार झाले, माझ्या जलेबीच्या जोरावर.

दलाल आला तेव्हा आईच्या खुर्चीत समोरच्या काकू होत्या. एक भुवई झाली होती. दलालानं टेप काढली आणि आरशाच्या भिंतीला लावली.

"हे पार्टिशन पाडलं तर दुकान चांगलं निघेल," तो म्हणाला. "पण साहेब, विकता का? गिऱ्हाईक विचारेल मला."

"तिकडच्या प्रॉपर्टीत टाकायचाय पैसा," बडे पापा म्हणाले.

"दादाचं तिकडे रिपझेशन झालंय ना," बाबांनी अभिमानानं सांगितलं.

आईच्या दातांत दोरा होता. ती आरशातून टेपकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते आणि दोरा तिनं सोडला नव्हता.

मला मवाळ शब्द येत होते. बँकेनं घर परत घेतलं, असं म्हणता आलं असतं. पण मी जप्तीसाठी आमच्या कचेरीत चालणारा शब्द निवडला, जो आमच्या गल्लीत पोराबाळांनाही कळतो.

"बाबा," मी म्हटलं, "रिपझेशन म्हणजे कुर्की."

टेप खर्रकन मागे गेली.

"काय?" समोरच्या काकू अर्ध्या उठल्या.

"कुर्की. हप्ते भरले नाहीत म्हणून बँकेनं यांना बाहेर काढलं आणि कुलूप बदललं. ते घर गेलं. घरातले पडदे वर आपल्या ट्रंकेत आहेत."

बडे पापांनी रस्त्याकडचं दार लोटून घेतलं. "बेटा, घरातली गोष्ट घरात सांगायची असते."

"घरातच सांगितली, बडे पापा. हे घर आहे अजून."

दलालानं टेप खिशात घातली. "साहेब, आधी घरचं मिटवा. मंग बोलवा," म्हणाला आणि गेला. बाबा भावाला म्हणाले, "दादा, मी जलेबी वाटली रे." त्यांना बहुधा त्याचंच जास्त लागलं होतं. आईनं दोरा तोंडातून काढला. "बसा काकू," ती म्हणाली, "दुसरी भुवई राहिलीय."

घर विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं. अभिनंदन बंद झालं, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे लोक हळू आवाजात बोलू लागले.

दोघं आमच्याकडेच राहिली, वरच्या खोलीत. मोरपंखी पडदे आमच्या खिडकीला लांब पडले, ते खाली दुमडून टाचले. एका दुपारी आई-बाबा बाहेर होते आणि मी आतून कडी लावून केसांना तेल लावत बसले होते. बेल वाजली. खिडकीतून दिसलं, बडी मम्मी होती, बाजाराच्या दोन पिशव्या घेऊन. मी वेणीचे पेड सावकाश काढले. बेल पुन्हा वाजली. मी वेणी पुरी घातली, रबर लावलं, हात धुतले. ती पायरीवर बसली तेव्हा मी दार उघडलं.

"किती वेळ गं," ती म्हणाली. आवाजात पूर्वीची धार नव्हती. पिशव्या उचलता उचलता म्हणाली, "एक चावी मला देऊन ठेव ना."

मी एक पिशवी तिच्या हातातून घेतली.

"कशाला, बडी मम्मी?" मी म्हटलं. "मी आहे ना घरात. मदतीला."